नारळ देणाऱ्याचा हात

कामावरून काढलं, की आपल्याकडे 'नारळ दिला' म्हणतात. १९८० साली भोसरीच्या एका कारखान्यात मी कार्मिक विभागात रुजू झाले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात हा शब्द कानावर पडला. पुढची ३२ वर्षं तो नारळ बहुतेक वेळा माझ्याच हातून गेला. निर्णय वरचे साहेब घेत, सही त्यांची असे; पत्र हातात ठेवून पोच घ्यायला मात्र टेबलापाशी मी. त्यामुळे टीव्हीवरचा एखादा कडक बॉस बोट रोखून 'यू आर फायर्ड' म्हणतो, तेव्हा माझी नजर त्या बोटावर ठरत नाही. ती समोरच्या माणसाच्या हातांवर जाते. पत्र घेताना हातांचं काय करावं ते माणसाला कळत नाही. कुणी ते मांडीखाली घेतो, कुणी पेनाचं टोपण पुन्हा पुन्हा काढतो आणि लावतो. सही करताना स्वतःचंच नाव चुकलेले लोक मी पाहिले आहेत.

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीतला एक मुलगा भेटला. बाणेरला त्याची स्वतःची छोटी कंपनी आहे, पंधरा-वीस माणसं असतील. हुशार आहे, मेहनती आहे, लहानपणापासून मला काकू म्हणतो. म्हणाला, "काकू, आपलं काम एकदम शार्क टँकसारखं. तोंडावर सांगायचं. परवा दोघांना भर मीटिंगमध्ये काढलं, बाकीचे लगेच सरळ झाले." हे सांगताना त्याच्या चेहऱ्यावर शाबासकीची वाट होती. मी ती दिली नाही. त्या दोघांना नोटीस पगार दिलास का, एवढंच विचारलं. तो गडबडला.

हा मुलगा वाईट नाही. कडक बॉस कसा असतो, हे तो टीव्हीवर शिकला, आणि तिथे जे शिकवलं जातं ते खोटं आहे. मी हे ठामपणे म्हणते, कारण एका वसंतात तो खेळ आणि ती खरी गोष्ट, दोन्ही मी एकाच घरात बसून पाहिल्या.

२००९च्या फेब्रुवारीत सुनेच्या बाळंतपणासाठी साठलेली सगळी रजा टाकून मी न्यू जर्सीत एडिसनला मुलाकडे गेले होते. मार्चच्या सुरुवातीला नात झाली. त्याच सुमारास एनबीसी वाहिनीवर दर रविवारी रात्री नऊला 'सेलिब्रिटी अ‍ॅप्रेंटिस' सुरू झालं. बाळाला मांडीवर घेऊन मी ते बघायचे, इंग्रजी कान बसावा म्हणून. डोनाल्ड ट्रम्प हे बॉस. त्यांच्यासमोर नामवंतांचे दोन संघ. गायक क्लिंट ब्लॅक, बास्केटबॉलचे डेनिस रॉडमन, पोकरपटू अ‍ॅनी ड्यूक, आणि विनोदी कलाकार जोन रिव्हर्स, वय ७५, सोबत मुलगी मेलिसा. दर आठवड्याला एक काम मिळायचं: काहीतरी विका, जाहिरात बनवा, पैसा उभा करा. हरलेला संघ बोर्डरूममध्ये यायचा आणि तिथून एकाला घरचा रस्ता. खेळायचं ते आपापल्या धर्मादाय संस्थेसाठी. जोनबाईंची संस्था न्यूयॉर्कमध्ये अंथरुणाला खिळलेल्यांना घरपोच जेवण देणारी.

मुळात हा कार्यक्रम असा नव्हता. २००४च्या जानेवारीत 'अ‍ॅप्रेंटिस' सुरू झाला तेव्हा त्यात साधी, नोकरीधंद्यातली तरुण माणसं होती. पहिलं काम न्यूयॉर्कच्या रस्त्यावर लिंबूसरबत विकण्याचं. जिंकणाऱ्याला ट्रम्प यांच्याकडे वर्षाला अडीच लाख डॉलरची नोकरी. लिंबूसरबत विकताना जागा कुठली धरायची, गिऱ्हाइकाला हाक कशी मारायची, भाव किती लावायचा याला खरंच अक्कल लागते. मंडईत भाजी विकणारी कुठलीही बाई हे सांगेल. पुढे प्रेक्षक आटले आणि २००८च्या जानेवारीपासून नामवंत आले. त्यांचं पहिलं काम हॉट डॉग विकण्याचं. तेव्हा प्रश्न जागेचा आणि भावाचा उरला नाही, कुणाच्या फोनमध्ये किती श्रीमंतांचे नंबर आहेत एवढाच उरला. एका हॉट डॉगला ओळखीचा माणूस हजारो डॉलर मोजून जायचा. पहिल्याच भागात टिफनी फॅलन ही मॉडेल बाहेर गेली, ती प्लेबॉयच्या ह्यू हेफनरना मदतीसाठी फोन केला नाही म्हणून. ओळख न वापरणं हा गुन्हा ठरला. याला धंदा म्हणत नाहीत. वर्गणी म्हणतात. गणपतीला आमच्या मंडळाची पोरं दारोदार हेच करतात, आणि ती निदान पावती फाडतात.

तो पैसा चांगल्या कामाला गेला, यात शंका नाही, आणि त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. मला म्हणायचं आहे ते त्या 'काढण्या'बद्दल. नामवंताला काढलं की त्याचं काय जातं? तो लांबलचक गाडीत बसतो, दोन वाक्यं बोलतो, दुसऱ्या दिवशी आपल्या मैफलीला किंवा चित्रीकरणाला जातो. घरभाडं थकत नाही, मुलांची शाळा सुटत नाही. प्रेक्षकाला अपराधी वाटायचं कारणच राहत नाही, आणि मग एखाद्याला नोकरीवरून काढणं ही जेवताना चवीने बघायची गोष्ट होते.

वाहिनीला हे चांगलं कळत होतं, याचा पुरावा त्यांनीच दिला. मंदी आल्यावर २०१०च्या शरद ऋतूत त्यांनी एक पर्व पुन्हा साध्या माणसांचं केलं, आणि मुद्दाम मंदीचा फटका बसलेले उमेदवार घेतले. लोकांनी ते पाहिलं नाही. २०११ मध्ये पुन्हा नामवंत परतले. मला त्या प्रेक्षकांचा राग येत नाही. ज्याची नोकरी खरंच गेली आहे त्याला पुन्हा एकदा बोट दाखवून बाहेर काढताना बघवत नाही, ही माणुसकीच आहे. फक्त त्या माणुसकीतून वाट काढायला नामवंत कामाला आले.

एप्रिलमधल्या एका मंगळवारी माझा मुलगा सकाळी अकराला घरी आला. मी बाळाला तेल लावत होते. दाराशी गाडी ऐकून मला वाटलं, काहीतरी विसरला असेल. तो आत आला, बूट न काढता सोफ्यावर बसला आणि म्हणाला, "आई, मला कमी केलं."

त्याला एका कॉन्फरन्स रूममध्ये बोलावलं होतं. समोर साहेब, आणि एचआरची बाई फोनच्या स्पीकरवर, दुसऱ्या कुठल्या तरी राज्यातून. साहेबांनी कागद वाचून दाखवला. सात मिनिटं लागली. मग त्याला स्वतःच्या टेबलापाशी जाऊ दिलं नाही. सामान पॅक करून पाठवतो म्हणाले. सिक्युरिटीचा माणूस त्याला पार्किंगपर्यंत सोडायला आला. टेबलावर मी दिलेला पितळेचा छोटा गणपती होता. तो कुरिअरने नऊ दिवसांनी आला, वर्तमानपत्रात गुंडाळलेला.

एच-वन-बी व्हिसा नोकरीला बांधलेला असतो. आज नोकरी गेली तर दुसरी शोधायला ६० दिवस मिळतात, पण तो नियम २०१७ला आला. २००९ मध्ये वकिलाने आम्हाला सांगितलं, कायद्यात तुमच्यासाठी सवलतीचा एकही दिवस लिहिलेला नाही. घरात महिन्याचं बाळ, सूनबाई अवलंबितांच्या व्हिसावर, गाडीचं कर्ज. आणि रात्री मी जागी राहून विचार करत होते की, त्या स्पीकरवरच्या बाईची जागा मी ओळखते. ती माझीच खुर्ची आहे.

त्या पर्वाच्या शेवटी शेवटी एका रविवारी ट्रम्प यांनी मेलिसाला काढलं. मेलिसा बाहेर आली आणि आरडाओरडा करत निघाली. पाठोपाठ आई. ७५ वर्षांची जोन रिव्हर्स कॅमेऱ्यासमोर मुलीच्या प्रतिस्पर्ध्यांना वाट्टेल ते बोलली, मी परत येणार नाही म्हणाली. अमेरिकेत दुसऱ्या दिवशी त्यावर पुष्कळ हशा झाला. मला हसू आलं नाही. मुलीला काढल्यावर आईच्या अंगाची जी आग होते तेवढीच त्या दोन तासांत खरी होती. अर्थात जोनबाई परत आल्या, आणि जिंकल्याही. शेवटच्या कामात पैसे अ‍ॅनी ड्यूकने जास्त उभे केले होते, तरी. माझ्या मुलाने रिमोट घेऊन टीव्ही बंद केला आणि बाळाला घेऊन खिडकीपाशी उभा राहिला. पाच आठवड्यांनी त्याला दुसरी नोकरी मिळाली, पगार कमी, पण व्हिसा वाचला.

त्या बोर्डरूमबद्दल पुढे जे बाहेर आलं, ते वाचून मी सुन्न झाले. ट्रम्प टॉवरमधली ती भारदस्त खोली म्हणजे कार्यक्रमासाठी उभारलेला सेट. आणि कार्यक्रमाच्या संकलकांनीच सांगितलं की, साहेब कधी कधी ज्याने चांगलं काम केलं त्यालाच काढून मोकळे व्हायचे. मग शेकडो तासांचं चित्रीकरण पालथं घालून त्या माणसाच्या चुका शोधायच्या, नसतील तर दिसतील अशा जोडायच्या, म्हणजे निर्णय शहाणपणाचा वाटेल.

आधी निकाल, मग चौकशी. टीव्हीवाल्यांनी हे नव्याने शोधलेलं नाही. हे मी केलं आहे.

१९९८ सालची गोष्ट. कारखान्याला माणसं कमी करायची होती. कायद्याने कपात करायची तर औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम २५-एफप्रमाणे महिन्याची नोटीस आणि भरलेल्या प्रत्येक वर्षाला पंधरा दिवसांचा पगार द्यावा लागे, आणि शेवटी आलेल्याला आधी काढावं लागे. व्यवस्थापनाला काढायचे होते जुने, बोलणारे. मग साहेबांनी मला सांगितलं, "त्या टर्नरचं हजेरीकार्ड काढा. काहीतरी सापडेल." १९ वर्षं नोकरी झालेला माणूस. कार्डावर विनापरवाना गैरहजेरीचे अकरा दिवस सापडले. त्याची आई गेली होती ते दिवस. अर्ज फाइलला लावलेला होता, फक्त सुपरवायझरची सही राहिली होती. मी चार्जशीट तयार केलं. घरगुती चौकशी बसली, चौकशी अधिकारी आमच्याच वकिलांच्या ओळखीचा, निष्कर्ष जवळपास आधीच टाइप झालेला. तीन महिन्यांनी मी त्याच्या हातात पत्र ठेवलं.

त्याने वाचलं नाही. घडी घालून खिशात ठेवलं. मग उठताना म्हणाला, "मॅडम, डबा आत लॉकरला राहिलाय. आणू का?"

गेटवरच्या माणसाला आत सोडायचा हुकूम नव्हता. मी स्वतः शॉपमध्ये गेले, लॉकर उघडून घेतलं, डबा काढला. तीन पुडांचा स्टीलचा डबा, भरलेला. त्या दिवशी त्याने जेवायच्या सुटीआधीच पत्र घेतलं होतं. शॉपमधली मशिनं चालू होती, पण सगळे माझ्या हातातल्या त्या डब्याकडे बघत होते. त्याने कामगार न्यायालयात दावा लावला, आणि तडजोड व्हायला सहा वर्षं गेली. त्या सहा वर्षांत त्याच्या घरी काय काय झालं ते मी इथे लिहिणार नाही. ते त्याचं आहे.

कडकपणा म्हणजे काय, हे मला त्या डब्याने शिकवलं. लेथवर बोटं गमावतील म्हणून दारू पिऊन आलेल्याला गेटवरून परत पाठवणं, हा कडकपणा. साहेबांच्या भाच्याची नेमणूक नियमात बसत नाही असं साहेबांना सांगणं, हाही. मी तो दाखवला तेव्हा माझी बढती दोन वर्षं लांबली. टीव्हीवरच्या बॉसला असं काही गमवावं लागत नाही. त्याच्यासमोर बसलेला प्रत्येक जण त्याच्या दयेवर, कॅमेरा त्याचा, संकलक त्याचा. अशा खोलीत आवाज चढवायला धाडस लागत नाही.

आणि बॉस म्हणून तरी तो माणूस केवढा मोठा होता? मी एडिसनला असताना पेपरात बातमी होती, त्याच राज्यातल्या अटलांटिक सिटीमधल्या ट्रम्प यांच्या नावाच्या कॅसिनोंची कंपनी दिवाळखोरीत गेली. तारीख १७ फेब्रुवारी २००९. कार्यक्रमाचं नवं पर्व १ मार्चला सुरू झालं. याआधीही २००४च्या नोव्हेंबरमध्ये, म्हणजे कार्यक्रमाच्या पहिल्याच वर्षात, त्यांच्या कॅसिनो कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला होता. पुढे २०२० मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने करविवरणपत्रं मिळवून दाखवलं, की हा कार्यक्रम आणि त्यामुळे आलेली जाहिरात-परवान्यांची कमाई मिळून त्यांना ४२ कोटी ७० लाख डॉलर मिळाले. धंद्यातल्या यशामुळे कार्यक्रम मिळाला असं आपल्याला वाटत होतं. खरा पैसा कार्यक्रमातून आला. एनबीसीचे त्या वेळचे विपणनप्रमुख जॉन मिलर यांनी २०२४ मध्ये लेख लिहून त्या प्रतिमेबद्दल जाहीर माफी मागितली. तोवर तो माणूस एकदा राष्ट्राध्यक्ष होऊन गेला होता.

याच कार्यक्रमाच्या ब्रिटिश आवृत्तीचे बॉस अ‍ॅलन शुगर त्या मानाने वेगळे. शाळा सोळाव्या वर्षी सोडलेला, व्हॅनमधून गाड्यांच्या एरियल विकत वर आलेला माणूस. तोंड फटकळ, पण धंदा स्वतः केलेला. तिथेही नामवंत आले, २००७ मध्ये, एका मदतनिधीसाठी. शुगर यांनी पत्रकार पीअर्स मॉर्गन यांना काढलं, आणि वर्षभरात तेच मॉर्गन न्यूयॉर्कला जाऊन ट्रम्प यांच्यासमोर पहिले आले. तिकडे एक गोष्ट मात्र मला लक्षात ठेवावीशी वाटते. २०१०ची विजेती स्टेला इंग्लिश हिने पुढे नोकरीवरून शुगर यांनाच न्यायाधिकरणात खेचलं. २०१३ मध्ये ती हरली. पण खेचता आलं. बॉसलाही साक्ष द्यायला उभं राहावं लागलं.

आपल्याकडे 'शार्क टँक इंडिया' आलं, आमच्या पुण्याच्या नमिता थापर त्यात आहेत, म्हणून मी कौतुकाने बघायला लागले. त्यात कुणाला काढत नाहीत, पैसे मागायला आलेल्याला तपासतात, आणि ते बरंच आहे. पहिल्या पर्वात मालेगावकडचा कमलेश आला होता, सोबत चुलतभाऊ. बापाच्या पाठीवरचा औषधाचा जड पंप बघून त्याने फवारणीची हातगाडी बनवली होती. गुंतवणूकदारांपैकी पीयूष बन्सल यांनी त्याला १० लाखांची भागीदारी आणि २० लाख बिनव्याजी देऊ केले. त्या भागात कुणी ओरडलं नाही, आणि लोकांनी तोच सर्वांत जास्त लक्षात ठेवला. पण बाणेरच्या कंपनीवाल्या त्या मुलाने काय उचललं? त्याच कार्यक्रमातल्या अश्नीर ग्रोव्हर यांचा फटकळपणा. तेच ग्रोव्हर पर्व संपल्यावर महिन्याभरात, २०२२च्या मार्चमध्ये, राजीनामा देऊन स्वतः उभ्या केलेल्या कंपनीतून बाहेर पडले, हे त्याच्या लक्षातही नव्हतं.

मी त्याला घरी बोलावलं. चहा दिला आणि सांगितलं, त्या दोघांना फोन कर. नोटीस पगार, राहिलेली रजा, अनुभवाचं पत्र, सगळं दे. भर मीटिंगमध्ये काढलं त्याबद्दल त्याच मीटिंगमध्ये माफी माग. पहिलं त्याने केलं. दुसरं अजून केलेलं नाही. मी दर रविवारी विचारते.

माझा मुलगा आता स्वतः मॅनेजर आहे, तिथेच, न्यू जर्सीत. २०२३च्या जानेवारीत एके दिवशी संध्याकाळी सहाला त्याचा फोन आला. तिकडे सकाळचे साडेसात. त्या वेळी तो कधी फोन करत नाही. म्हणाला, "आई, आज मला चार जणांना सांगायचंय. यादी वरून आली आहे. एक जण एच-वन-बीवर आहे." मग थोडा थांबला. "तू सुरुवात कशी करायचीस?"

मी म्हटलं, "नावाने हाक मार. पहिल्या वाक्यात सांगून टाक, हवापाण्याचं बोलू नकोस. मग गप्प बस, तो बोलेपर्यंत. कागद वाचून दाखवू नकोस, आणि स्पीकरवर कुणाला घेऊ नकोस."

"एचआर लागतं, आई. नियम आहे."

"मग तिला विमानाने बोलव. नाहीतर समोर बसव कुणाला तरी."

तो लिहून घेत होता, पेनाचा आवाज येत होता. मी विचारलं, त्यांना टेबलापाशी जाऊ देणार का. म्हणाला, सिक्युरिटी सोडत नाही.

"मग तू जा त्यांच्याबरोबर," मी म्हटलं. "खोका तू उचल."

नऊला पहिला माणूस येणार होता. त्याने फोन ठेवला.